तालुक्याची बातमी सीमेपार नेताना: नवख्या पत्रकारांसाठी वाटाड्या

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न आधी इथल्या कार्यकर्त्यांनी आणि इथल्या पत्रकारांनी मांडला. त्यावर ओरड झाली आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या दोन अमेरिकी संस्थांनी मिळून हाच विषय उचलला आणि त्याला एक दुवा जोडला: या फडांतल्या उसाची साखर कोणत्या बड्या शीतपेय कंपन्यांच्या साखळीत जाते. त्या एका दुव्यामुळे ज्यांना आजवर कोणी जाब विचारला नव्हता, त्यांनाही उत्तरं द्यावी लागली.

सीमापार पत्रकारिता म्हणतात ती हीच. त्यासाठी वॉशिंग्टनला ऑफिस असावं लागत नाही. अर्धी बातमी फडावर, बाजार समितीत, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असते आणि ती तुमच्या हाताशी आहे. उरलेली अर्धी ज्यांच्या हाताशी आहे, त्यांच्याशी बरोबरीच्या नात्यानं काम कसं करायचं, एवढंच शिकायचं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारे, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि स्वतंत्रपणे लिहिणारे यांच्यासाठी हे लिहितो आहे.

थोडी पूर्वपीठिका

ही पद्धत आजची नाही. जून १९७६ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात डॉन बोल्स या पत्रकाराच्या गाडीत बॉम्ब ठेवून त्यांना मारलं. तेव्हा वेगवेगळ्या वृत्तपत्रांतले पत्रकार ॲरिझोनात जमले आणि बोल्स यांचं अर्धवट राहिलेलं काम एकत्र मिळून पुढे नेलं. पत्रकाराला संपवलं तरी बातमी संपत नाही, हे त्यातून दाखवायचं होतं. पॅरिसहून चालणारी फॉरबिडन स्टोरीज ही संस्था २०१७ पासून तेच तत्त्व देशांच्या सीमा ओलांडून राबवते. माल्टातल्या डाफ्ने कारुआना गालिझिया यांची ऑक्टोबर २०१७ मध्ये हत्या झाल्यावर त्यांचा तपास अनेक देशांतल्या पत्रकारांनी पुढे चालवला.

शोधपत्रकारांचा आंतरराष्ट्रीय संघ आयसीआयजे १९९७ मध्ये सुरू झाला. सगळ्यांना माहीत असलेलं त्याचं काम म्हणजे पनामा पेपर्स. म्युनिकच्या झ्यूडडॉइच त्साइटुंग या दैनिकाकडे श्रीमंतांना करबुडव्या बेटांवर कंपन्या काढून देणाऱ्या मोसॅक फोन्सेका या पनामातल्या कायदा सल्लागार फर्मची १ कोटी १५ लाख कागदपत्रं आली. एवढा डोंगर एका दैनिकाला उपसता येणं शक्यच नव्हतं. त्यांनी तो आयसीआयजेबरोबर वाटून घेतला आणि ८० च्या आसपास देशांतले ३७० हून अधिक पत्रकार कामाला लागले. भारतातून इंडियन एक्स्प्रेस त्यात होता. इतक्या लोकांनी महिनोन्‌महिने तोंड बंद ठेवलं आणि ३ एप्रिल २०१६ ला सगळ्यांनी एकाच वेळी बातमी फोडली. काही दिवसांतच आइसलँडच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

पहिली पायरी: आपल्या बातमीचा धागा बाहेर कुठे जातो ते शोधा

नवखे लोक उलटं करतात. आधी परदेशी संस्था शोधतात, मग तिला आवडेल असा विषय. तसं करू नका. तुम्ही आधीपासून ज्या विषयात आहात तो घ्या आणि त्यातला माल, पैसा, माणूस किंवा कचरा देशाबाहेर जातो का, बाहेरून येतो का, एवढंच विचारा.

नाशिकची द्राक्षं घ्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडल्यामुळे युरोपनं आपले कंटेनर अडवले आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. अशा प्रत्येक प्रकरणाची नोंद युरोपीय महासंघाच्या रास्फ या अन्नसुरक्षा इशारा पोर्टलवर होते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. देश ‘इंडिया’ निवडा, माल निवडा, तारखा टाका. कोणत्या देशानं, कशासाठी, कधी माल नाकारला ते समोर येतं. निफाड किंवा पिंपळगाव बसवंतला बातमीदारी करणाऱ्यानं हे पोर्टल आठवड्याला एकदा तरी उघडावं.

औषधांचंही तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीनं दाखवलं की मुंबईतल्या एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात होत्या. घानातला रस्ता आणि पालघरमधला कारखाना हे एकाच बातमीचे दोन तुकडे होते. जागतिक आरोग्य संघटना सदोष औषधांचे इशारे तिच्या संकेतस्थळावर टाकते आणि त्यात उत्पादकाचं नाव असतं. आपल्या एमआयडीसीतलं नाव तिथे दिसतं का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी पायरी: कागद

माझ्या मते सगळा डोलारा या पायरीवर उभा असतो. परदेशी जोडीदार तुमच्याकडे येईल तो दोन गोष्टींसाठी: माणसांपर्यंतची तुमची पोच आणि तुमच्याकडचे कागद. नुसती पोच असेल तर तुम्हाला वाटाड्या म्हणून वापरतील. कागद असतील तर सहलेखक म्हणून घेतील.

आधी कंपनी. भारतातल्या प्रत्येक कंपनीला कॉर्पोरेट मंत्रालयाचा २१ अक्षरांकांचा सीआयएन क्रमांक असतो. तो वाचायला शिका. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात. मग राज्याची दोन अक्षरं येतात, महाराष्ट्र असेल तर एमएच. त्यानंतर चार अंकी स्थापनेचं वर्ष, तीन अक्षरांत कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. ‘तीस वर्षांची परंपरा’ सांगणारी कंपनी तीन वर्षांपूर्वी नोंदलेली निघते, ते इथेच कळतं. संचालकांच्या डीआयएन क्रमांकावरून ते आणखी कुठे संचालक आहेत ते सापडतं. तीच नावं मग ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या नोंदवहीत टाका. तिथले कागद फुकट उतरवता येतात आणि कंपनीवर खरा ताबा कोणाचा, याची नोंदही असते. करबुडव्या बेटांवरच्या कंपन्यांसाठी आयसीआयजेचा ऑफशोअर लीक्स डेटाबेस आहे, तोही खुला. एक पथ्य पाळा: नाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असं धरू नका. जन्मतारीख, पत्ता, सही, सहसंचालक यांपैकी दुसरं काहीतरी जुळलं पाहिजे. ‘संजय पाटील’ किती असतील, याचा विचार करा.

आता सहकारी साखर कारखाना. तो कंपनी नाही, त्यामुळे कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर सापडणार नाही. तो १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेला असतो. थेट कारखान्याकडे माहितीचा अर्ज टाकला तर ‘आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही’ असं उत्तर येतं, आणि सहकारी संस्थांबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. पण पुण्याचं साखर आयुक्तालय सरकारी आहे. कारखान्यांनी तिथे भरलेले कागद मागता येतात. त्याहून सोपी वाट म्हणजे सभासद शेतकरी. वार्षिक सर्वसाधारण सभेआधी प्रत्येक सभासदाला अहवाल मिळतो. त्यात गाळप, उतारा, कर्जं, तोडणी-वाहतुकीचा खर्च असं सगळं असतं. गावात पाच घरं फिरलात तर गेल्या कित्येक वर्षांचे अहवाल गोळा होतील. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या कोणालाही हा कागद असतो हेसुद्धा माहीत नसतं.

जहाजांचा मामला असेल तर आयएमओ क्रमांक पकडा. गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला आलेल्या जहाजाचं नाव वाटेत बदललेलं असतं, झेंडाही बदललेला असतो, पण हा सात आकडी क्रमांक बांधणीपासून मोडणीपर्यंत तोच राहतो. तो खरा आहे का ते कागदावर तपासता येतं. उदाहरणार्थ ९०७४७२९. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा: ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९. तिचा शेवटचा आकडा ९ आणि क्रमांकाचा सातवा आकडाही ९. जुळलं. जुळलं नाही तर कुठेतरी लिहिताना चूक आहे किंवा कोणीतरी फसवतंय. अलंगवरच्या मालिकेसाठी बाल्टिमोर सन या अमेरिकी दैनिकाच्या दोन पत्रकारांना १९९८ चा पुलित्झर मिळाला. मुंबईत दारूखान्याला जहाजं मोडतात, तिथल्या बातमीदाराला हे गणित पाठ हवं.

माहितीचे अधिकार: आपला आणि त्यांचा

इथे एक मोठी सोय दडलेली आहे आणि बहुतेक नवख्यांना ती ठाऊक नसते. आपला २००५ चा माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. परदेशी पत्रकाराला तो वापरता येत नाही, तुम्हाला येतो. उलट अमेरिकेच्या कायद्याखाली जगातली कोणतीही व्यक्ती माहिती मागू शकते. ब्रिटनमध्येही तसंच. म्हणजे लातूरला बसून तुम्ही लंडनच्या सरकारी खात्याला साधा ईमेल करून माहिती मागू शकता. त्यांना २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अमेरिकेतही मुदत कागदावर तेवढीच आहे, प्रत्यक्षात कितीतरी जास्त वेळ जातो, म्हणून तिथला अर्ज सगळ्यात आधी टाका. युरोपीय महासंघाच्या संस्थांकडे माहिती मागण्याचा हक्क मात्र महासंघाच्या नागरिकांना आणि तिथे राहणाऱ्यांना आहे. तो अर्ज तुमच्या जोडीदारानं करायचा.

घरचा अर्ज नीट करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, असा नियम आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. ‘का’ विचारू नका, कागद मागा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या तपासणी अहवालांच्या प्रती’. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर माहिती आयोगाकडे, तिथे जायला तुम्हाला नव्वद दिवसांची मुदत. आयोगाकडे रांग मोठी असते, म्हणून पहिलं अपील जीव लावून लिहा.

याच वाटेनं युरोपात एक मोठं काम उभं राहिलं. शेतीची सरकारी अनुदानं नक्की कोणाच्या खिशात जातात, हे शोधायला काही देशांतल्या पत्रकारांनी आपापल्या देशात माहितीचे अर्ज टाकले, आकडे एकत्र केले आणि फार्मसब्सिडी नावाचा सार्वजनिक डेटाबेस केला. सीमापार पत्रकारितेवर अभ्यास करणाऱ्या आणि ती शिकवणाऱ्या ब्रिगिटे आल्फ्टर त्या गटातल्या.

तिसरी पायरी: जोडीदार कसा गाठायचा

ज्यांनी तुमच्या विषयावर आधी लिहिलंय त्यांनाच लिहा. संस्थेच्या सर्वसाधारण पत्त्यावर गेलेला मेल हरवतो, बातमीदाराला थेट लिहिलेला वाचला जातो. मेल लहान ठेवा. पहिल्या दोन ओळींत बातमीचं म्हणणं, पुढच्या दोन ओळींत तुमच्याकडे काय आहे, मग त्यांच्याकडून नेमकं काय हवं आणि शेवटी तुम्ही कोण. नमुना असा:

‘नाशिक जिल्ह्यातल्या एका निर्यातदाराचा माल तुमच्या देशात तीनदा नाकारला गेला, तरी तोच माल दुसऱ्या नावानं पुन्हा येतो आहे, असं दिसतं. माझ्याकडे पॅकहाऊसचे कागद आणि दोन शेतकऱ्यांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती आहेत. तुमच्या बंदरावर हा माल कोण उतरवून घेतं, ते शोधायला मला जोडीदार हवा आहे. मी आठ वर्षं शेतीबाजारावर लिहिते.’

एवढंच. मूळ कागद पहिल्या मेलमध्ये जोडू नका आणि माहिती देणाऱ्यांची नावं तर कधीच नको.

इंग्रजी सफाईदार नाही म्हणून मागे राहू नका. साध्या, छोट्या वाक्यांचं इंग्रजी सगळ्या जगातल्या पत्रकारांना चालतं. त्यातल्या बऱ्याच जणांची ती दुसरी भाषाच असते.

चौथी पायरी: कामाला हात लावण्याआधी लेखी करार

यावर मी हटून बसायला सांगेन. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ग्लोबल रिपोर्टिंग सेंटरनं परदेशी बातमीदार आणि त्यांना स्थानिक मदत करणारे ‘फिक्सर’ यांची पाहणी केली. त्यातून दिसलं की श्रेय हवं असणारे स्थानिक पुष्कळ आणि ते नेमानं देणारे बातमीदार त्या मानानं फार थोडे. मुलाखती तुम्ही जमवायच्या, दुभाषाचं काम तुम्ही करायचं, रात्री मोटरसायकलवर वस्तीवर तुम्ही न्यायचं आणि छापताना तुमचं नाव नाही. हे आधी बोललं नाही म्हणून होतं.

दोन पानांचा मेल पुरतो, पण त्यात हे सगळं यायला हवं: नाव कुठे आणि कोणत्या क्रमानं येणार, मानधन किती आणि कधी, प्रवासखर्च आणि विमा कोणाचा, जमलेल्या सामग्रीवर मालकी कोणाची, कोर्टकचेरी झाली तर वकील कोण देणार, आणि ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांना प्रश्न कोण व कधी पाठवणार. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. दोघांनी वेगवेगळे फोन केले तर समोरचा सावध होतो आणि उत्तरंही दोन मिळतात.

आणि मराठीत छापण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा, तोही त्याच दिवशीचा. बीडच्या बायकांची गोष्ट आधी इंग्रजी वाचणाऱ्यांना कळावी आणि बीडमध्ये ती दोन दिवसांनी भाषांतर होऊन यावी, हे मला पटत नाही.

माणसं सांभाळा, फोन सांभाळा

परदेशी बातमीदार विमानानं परत जातो. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे उचल घ्यायला जाते. मुलाखतीआधी त्यांना स्पष्ट सांगा की ही बातमी परदेशात छापून आली तरी दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवरून मुकादमाच्या हातात पोचेल. मग विचारा, नाव टाकू का, फोटो टाकू का. होकार एकदा घेऊन भागत नाही. छापण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारा आणि ‘नको’ म्हणाले तर काढून टाका.

फोनमधल्या फोटोत जागेची नोंद बसलेली असते, पाठवण्याआधी ती काढा. बोलणं सिग्नल या ॲपवर ठेवा आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत लावा. व्हॉट्सॲपचा बॅकअप क्लाउडवर जात असेल तर तिथे काही ठेवू नका. मोठा कागदसाठा चाळायला आयसीआयजेचं डेटाशेअर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते तुमच्याच संगणकावर चालतं आणि स्कॅन केलेल्या कागदांतूनही शब्द शोधून देतं.

पैसे आणि परवानग्या

इथे फार जण अडकतात, म्हणून जरा सावकाश वाचा. परदेशी देणगीच्या २०१० च्या कायद्याच्या (एफसीआरए) कलम ३ खाली वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक आणि वृत्तसंस्था यांना परदेशी देणगी घेता येत नाही. कामाचं वेतन किंवा धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारातला मोबदला ही वेगळी गोष्ट आहे, ती कलम ४ मध्ये येते. म्हणून ‘ग्रँट’ असा शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी सीए आणि वकील दोघांना दाखवा. लेखाचं मानधन असेल तर बिल करा, बँकेतून घ्या, विवरणपत्रात दाखवा. अमेरिकी संस्था डब्ल्यू-८बेन नावाचा, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा फॉर्म भरून मागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

परदेशातून येणाऱ्या जोडीदाराला पत्रकाराचा व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून येऊन काम करतो म्हणाला तर नाही म्हणा, निस्तरावं तुम्हाला लागेल. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ओसीआय कार्डधारक (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या) मराठी मित्रमैत्रिणींनीही लक्षात ठेवावं, मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतात पत्रकारितेचं काम करायला त्यांना वेगळी परवानगी घ्यावी लागते. बदनामीचा फौजदारी गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. लंडनमध्ये छापलेल्या मजकुरावर तिथेही दावा होऊ शकतो, तेव्हा दोन्ही देशांतल्या वकिलांनी मजकूर वाचलेला बरा.

शिकायचं कुठे

टेक्सास विद्यापीठाच्या नाइट सेंटरचे बरेच ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. सुरुवात तिथून करा. जागतिक शोधपत्रकारिता जाळं जीआयजेएन त्याची मार्गदर्शकं हिंदी, बांगला, उर्दू अशा भाषांतही देतं. त्याची जागतिक परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये क्वालालंपूरला झाली. परिषदेला जायला विकसनशील देशांतल्या पत्रकारांसाठी शिष्यवृत्त्या असतात, त्यांच्या तारखा पाहत राहा. दक्षिण आशियातल्या पत्रकारांसाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातला चीव्हनिंग या ब्रिटिश सरकारी शिष्यवृत्तीचा कार्यक्रम आहे, ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटची फेलोशिप आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा इतर विद्यापीठांत शिकणाऱ्यांनी एम.ए.च्या प्रबंधासाठी हाच विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं. स्थानिक मराठी बातमीदार आंतरराष्ट्रीय बातमीत काय काम करतात आणि त्यांना काय मिळतं, यावर इथून अभ्यास व्हायला हवा.

छापण्याचा दिवस

वेळ ठरली की ती भारतीय वेळेत लिहून ठेवा. पनामा पेपर्स म्युनिकला रात्री आठला खुले झाले तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजले होते, म्हणजे छपाईची शेवटची घाई. ठरलेल्या वेळेआधी एकानं जरी ट्वीट केलं तरी सगळ्यांचं काम वाया जातं. आरोप असलेल्यांना उत्तरासाठी निदान आठवडाभर मिळेल अशा बेतानं प्रश्न पाठवलेले असावेत आणि त्यांचं उत्तर सगळ्या भाषांतल्या आवृत्त्यांत सारखंच यावं. त्या दिवशी एक जण फोनवर मोकळा ठेवा. माहिती देणाऱ्यांपैकी कोणाला धमकी आली तर फोन कोणाला करायचा, ते त्यांना आधीच सांगून ठेवा. अंक निघाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या प्रती घेऊन वस्तीवर जा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि चुकलेलं काही सांगितलं तर त्याच दिवशी जोडीदाराला कळवून दोन्हीकडे दुरुस्ती छापून घ्या.